फोटोची पाठ वाचणाऱ्या नसीमबाई

हे पत्र वाचताना समज की तू इथंच आहेस. ये, अशी इकडं ये, माझ्याजवळ बस. लांब खुर्चीवर नको, इथं चटईवर. आणि तो मोबाइल जरा पालथा ठेव. मागच्या दिवाळीला आलीस ती उभ्या उभ्याच. भिंतीवरचे चार फोटो, डब्यातले सात-आठ, सगळ्यांचे पटापट फोटो काढलेस, "आजी, आपल्या घराण्याची माहिती गोळा करतेय" म्हणालीस, आणि निम्मा चहा टाकून पुण्याच्या गाडीला पळालीस. फोटोत कोण आहे, कधीचा आहे, कुणी काढला, एवढं तरी विचारावं की नाही गं? माणसांची तोंडं नेलीस आणि माणसं इथंच ठेवून गेलीस. नसीमबाईंनी बघितलं असतं तर त्या रागावल्या नसत्या. नुसत्या चष्म्यावरून तुझ्याकडं बघत राहिल्या असत्या. ते रागावण्यापेक्षा वाईट.

म्हणून म्हटलं, घराण्याचं नंतर बघू, आधी तुला बाई सांगाव्यात. मी शाळेत गेलेली नाही, हे तुला ठाऊक आहे. पहिली चार अक्षरं बाईंनीच गिरवून घेतली, बाकीची माझी मी शिकले. तेव्हा पत्रातही बोलते तसंच लिहिणार. चुका काढत बसू नकोस.

नसीमबाई आमच्या गावच्या मराठी शाळेत शिक्षिका. उर्दू त्यांना घरातलं. त्यांचे वडील निजामाच्या काळातले कागद वाचणारे. त्यांच्या मांडीवर बसून ही मुलगी अक्षरं शिकली. ठेंगणी मूर्ती, वेणीत खोचलेली पेन्सिल, चष्म्याला काळा दोरा, आणि खांद्याला ज्वारीच्या पोत्याच्या कापडाची शिवलेली पिशवी. पेन कधी वापरलं नाही. "शाई पसरती," म्हणायच्या, "आणि माझी चूक झाली तर खोडता आली पायजे." हात धुतल्याशिवाय जुन्या कागदाला शिवायच्या नाहीत. कुणाच्याही घरी गेल्या की पाणी प्यायच्या आधी पाणी हातावर मागायच्या.

भूकंप झाला तेव्हा त्यांची नोकरी नवीनच होती. सास्तूरपासून आमचं गाव जवळ, तिकडं जे झालं तेच इकडं. दगडमातीची घरं बसली. त्या दिवसांचं मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की लोक ढिगाऱ्यातून भांडी काढत होते, धान्य काढत होते, आणि ही एवढीशी बाई मातीतून फोटो वेचत होती. चुरगळलेले, काच फुटलेले, पावसानं भिजलेले. लोक म्हणाले, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. कुणीतरी तोंडावर विचारलं, तर बाई म्हणाल्या, "भांडं लोहाऱ्याच्या बाजारात मिळंल. तुमच्या आईचं तोंड कोणत्या दुकानात मिळतंय ते सांगा, मग मी हे टाकून देते."

पत्र्याच्या शाळेत त्यांनी ते सगळे पुसून, सुकवून एका ट्रंकेत ठेवले. मध्ये कडुलिंबाचा पाला. प्रत्येक फोटोबरोबर चिठ्ठी, कुठं सापडला त्याची: मारुतीच्या देवळामागं, तेल्याच्या गल्लीत, पिंपळाच्या पाराजवळ. लोक येत, आपलं माणूस ओळखत, छातीला लावून घेऊन जात, आणि कुणी नेला ते बाई चिठ्ठीवर लिहून ठेवत. उरलेले तसेच राहिले. दर वर्षी पावसाळा सरला की बाई ते उन्हात मांडत. "हवा लागू दे, आणि कुणाची नजर बी लागू दे," असं म्हणत.

त्यातूनच त्यांना नाद लागला. कोण कुणाचा, कुठून आला, कोणत्या गावची मुलगी कुठं दिली, हे सगळं त्या वहीत उतरवू लागल्या. आणि त्यात बाईंची एक शिस्त होती, तिचा मला फार अभिमान वाटतो. जनगणना आली की मास्तर-बाईंनाच घरोघर पाठवतात. बाई सरकारी कागद घेऊन सकाळी यायच्या, विचारायच्या तेवढंच विचारायच्या, लिहायच्या, जायच्या. त्यातला शब्द कधी कुणाला सांगितला नाही, स्वतःच्या वहीतसुद्धा उतरवला नाही. संध्याकाळी तीच बाई, त्याच घरी, स्वतःची वही घेऊन परत. "सकाळी आले ती सरकारची. आता मी शेजारीण म्हणून आले. सांगावंसं वाटलं तर सांगा, न्हायतर नुसता चहा द्या." मी एकदा म्हटलं, "बाई, एकाच वेळी लिहून घ्या की, दोन हेलपाटे कशाला?" तर म्हणाल्या, "प्रयागबाई, ते लोकांनी सरकारला सांगितलंय. मला कुठं सांगितलंय?"

जनगणनेची अजून एक गंमत ऐक. आमच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. बाई विचारायच्या, "घरमालकाचं नाव?" तर घरची बाई शेजारणीकडं बघायची, शेजारीण लाजायची. कुणी म्हणायची, "देवळात बसतोय बघा, शेंदूर लावत्यात त्याला, त्याचंच नाव." दिवसाला चार घरं होईनात. मग बाईंनी काय करावं? नव्या वसाहतीतल्या आमच्या घरांच्या रांगेतल्या सगळ्या बायकांना दुपारी माझ्या ओट्यावर बोलावलं आणि म्हणाल्या, "नाव सांगू नका. उखाणा घ्या." झालं! ज्या बायकांचं तोंड उघडत नव्हतं त्या एकमेकींवर चढाओढ करायला लागल्या. माझ्या जावेनं घेतला तो मला अजून पाठ आहे: "ज्वारीच्या कणसावर पाखरांची घाई, मारुतीरावांचं नाव सरकारदरबारी जाई." एका दुपारी अख्खी रांग लिहून झाली. वरचे साहेब तपासणीला आले तेव्हा ओट्यावर हा हशा चाललेला. साहेब म्हणाले, "हे हळदीकुंकू आहे की जनगणना?" बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, नावं मोजून बघा, एकबी सुटलेलं न्हाय."

हळूहळू जुने उर्दू कागद वाचून घ्यायला लांबलांबून माणसं यायला लागली. भूमहून एक गृहस्थ एसटीनं आले, रेशमी रुमालात कागद गुंडाळून. घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेला. म्हणाले, "आमच्या पणजोबांना जहागीर होती, त्याची ही सनद." बाईंनी हात धुतले, कागद वाचला, पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाल्या, "दादा, ही सनद न्हाय. ही तक्रार हाय. तुमच्या पणजोबांची म्हैस शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरली. तिसऱ्यांदा." त्यांचं तोंड एवढंसं झालं. मी त्या दिवशी बाईंच्याच घरी होते, आतून चहा आणत होते, मला हसू आवरेना. पण बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उदास का होता? सनदीत माणूस दिसत नसतोय. हितं बघा, पणजोबांचा जबाब हाय: म्हैस माझीच, पण कुंपण त्याचं मोडकं. पणजोबा भांडताना ऐकायला मिळाले तुम्हाला. कितीजणांच्या नशिबी असतंय?" ते गृहस्थ खो खो हसले. म्हणाले, "बाई, आमच्या घरात अजून असंच बोलतात." आणि तो कागद पुन्हा त्याच रेशमी रुमालात बांधून नेला.

आता ज्याच्यासाठी एवढं सांगतेय ते.

कोंडाबाई तुला आठवते का? पलीकडच्या रांगेतली, बौद्ध समाजातली. जुन्या गावात त्यांची घरं वेशीबाहेर होती. नव्या गावात सगळे एकाच आखणीत आले, तरी आत-बाहेर करायचं मन काही एका दिवसात बदललं नाही, खोटं कशाला बोलू. कोंडाबाईचा बाप येडशीला रेल्वेत गँगवर, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या मजुरांत होता. ती पाळण्यात असतानाच गेला. आई तिला घेऊन आमच्या गावी, आपल्या माहेरी आली. बापाचा एकच फोटो होता, तो भूकंपात गेला. उन्हात फोटो मांडले की सगळ्यांच्या आधी कोंडाबाई हजर. एकेक फोटो डोळ्याजवळ नेऊन बघायची. "न्हाय बाई, ह्यात बी न्हाय," म्हणायची आणि पुढच्या वर्षी परत यायची. अशी तीस वर्षं. अलीकडं तिला दिसतही कमी होतं. गेल्या खेपेला म्हणाली, "बाई, आता बापाचं तोंड माझ्या ध्यानातनं पुसत चाललंय. डोळे मिटल्यावर दिसायचं, ते बी दिसंना." त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत.

मग तुझ्या भाऊसाहेब आजोबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, नवं घर बांधलं. त्यांच्या मनात होतं, दर्शनी भिंतीवर घराण्याची वंशावळ लावायची आणि मध्ये आबांचा मोठा फोटो. आबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे वडील. वंशावळ लिहायला बाईंना सांगितलं. बाईंनी लिहून आणली, तर प्रत्येक पुरुषाच्या शेजारी त्याची बायको. भाऊसाहेब म्हणाले, "बायकांची नावं कशाला? वंशावळीत पुरुष असत्यात."

"मग हे पुरुष कुठनं आले?" बाईंनी विचारलं. "आभाळातनं पडले का?"

माझी जाऊ पदर तोंडाला लावून आत पळाली. भाऊसाहेबही शेवटी हसले आणि म्हणाले, "लिवा, लिवा. तुमच्याशी कोण भांडणार."

राहिला फोटो. आबांचा फोटो भाऊसाहेबांच्या देवघरात होता. भूकंपानंतर माझ्या सासूबाईंनीच तो शाळेतून ओळखून आणलेला. डोक्याला पटका, हातात काठी, मांडीवर शाल. रोज हार, अमावास्येला नैवेद्य, पित्रात पहिलं पान त्यांना. तीस वर्षं ह्यात खंड नाही. काच धुरकट झाली होती, म्हणून मोठा करायच्या आधी पुसायला मीच तो उचलून बाईंकडं नेला.

बाईंचा नियम, फोटो हातात आला की आधी पालथा करायचा. "तोंड कुणाचंबी कुणाला मिळतं, पाठीवर काय लिहिलंय ते बघायचं." पण ह्याच्या पाठीला जाड पुठ्ठा ठोकलेला, तो कधी निघालाच नव्हता. त्यांनी पक्कड आणली, बारीक खिळे एकेक उपसले, पुठ्ठा काढला. आत उर्दूत दोन ओळी. बाई वाचत राहिल्या. मी म्हटलं, "काय लिहिलंय?" बाईंनी मोठ्यानं वाचलं, "धोंडिबा वल्द मसू, रेल्वे, येडशी." वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. मसूचा मुलगा धोंडिबा.

आमच्या आबांचं नाव ज्ञानोबा. येडशी त्यांनी जन्मात बघितली नसेल.

मला जरा वेळानं उमगलं, हा तर कोंडाबाईचा बाप. बाई मात्र माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "म्या दिला हा. सासूबाई रडत आल्या, हेच आमचे मामंजी म्हणाल्या, आणि पुठ्ठा न काढता म्या देऊन टाकला. कोंडाबाई तीस वर्सं माझ्या दारात येतीया, आणि म्याच..." पेन्सिल वेणीतून काढली, परत खोचली, परत काढली.

त्याच दुपारी आम्ही दोघी भाऊसाहेबांकडं गेलो. बाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. भाऊसाहेबांचा चेहरा काळवंडला. आधी म्हणाले, हे शक्य नाही. मग म्हणाले, अक्षर पुसट असेल. मग दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, गावात उर्दू वाचतंय कोण? तुमीच एकट्या. आबांचं नाव हाय म्हणून सांगा. तीस वर्सं पुजलाय आमी. लोक काय म्हणतील? कुणाच्या फोटोला निवद दाखवला म्हणतील?"

बाई एवढ्याशा, भाऊसाहेबांच्या खांद्यालासुद्धा लागत नाहीत. पण त्या दिवशी मला त्या उंच दिसल्या. म्हणाल्या, "भाऊसाहेब, लोक माझ्याकडं कागद आणतात ते मला उर्दू येतं म्हणून न्हाय. उर्दू लातुरात चिक्कार जणांना येतंय. जे लिहिलंय तेच मी वाचते म्हणून आणतात. आज तुमच्यासाठी एक नाव खोटं वाचलं, तर आजपातुर वाचलेली सगळी नावं खोटी पडतात. तुमच्या वंशावळीतली बी."

भाऊसाहेब काही बोलणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरून आवाज आला. माझ्या सासूबाई. नव्वदीच्या, दिवसभर डोळे मिटून पडलेल्या असायच्या, आम्हाला वाटायचं झोपल्यात.

"भाऊ, ती बाई खरं बोलती."

"तू गप, आई. तूच वळखून आणलास की!"

"आणला. सगळ्या बायकांच्या हातात आपापलं मानूस होतं, माझ्याच हातात काय न्हवतं. पटका दिसला, काठी दिसली, घेतला उचलून." म्हातारी उठून बसली. "मामंजींच्या हाताखाली सात वर्सं नांदले, पर त्यांच्यापुढं पदर कधी वर केला न्हाय. तोंड बघितलंय कुणी? मला त्यांचं पाय तेवढं ठावं. उजव्या पायाचा अंगठा ठेचाळलेला, नख काळं. पाय दिसलं असतं तर अंधारात वळखले असते. ह्या फोटोत बूट हाईत, बाबा. आपल्या घरात बूट कुणी घातलं?"

आम्ही सगळे फोटोकडं बघत राहिलो. तीस वर्षं हार घातला, पण ते जाड, नवेकोरे बूट कुणाच्या डोळ्यात भरले नव्हते. भाऊसाहेब खुर्चीत बसले. मग उठले, कोट घातला, फोटो स्वतःच काखेत घेतला आणि म्हणाले, "चला. ऊन हाय तवर कोंडाबाईकडं जाऊन येऊ."

कोंडाबाई दारात शेंगा फोडत बसली होती. भाऊसाहेब फाटकाशीच थांबले. तीच म्हणाली, "या की आत, पाटील. बाहेर का हुबारले?" मग चपला काढून ते आत गेले. भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याच्याखाली आम्ही सगळे दाटीनं बसलो.

बाईंनी फोटो तिच्या हातात दिला. कोंडाबाईनं तो डोळ्याजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. बोटानं बूट चाचपले, मग तोंड. आणि म्हणाली, "आई सांगायची. रेल्वेत बूट मिळाले म्हणून फोटो काढाय गेला. फोटोवाला म्हणाला हलू नगंस, तर ह्यो दम धरून बसला." मग फोटो आमच्याकडं वळवला. "बघा, अजून दम धरलाय त्यानं."

खरंच गं. गाल फुगलेले, डोळे मोठे. आम्हाला तीस वर्षं वाटत होतं आबा करारी होते.

बाई पुढं सरकल्या. "कोंडाबाई, चूक माझी हाय. म्या बघून दिला असता तर..."

"थांबा," कोंडाबाई म्हणाली. "एवढी वर्सं ह्यो कुठं हुता?"

भाऊसाहेबांनी खाली बघून सांगितलं, "आमच्या देवघरात."

"हार घालत हुता?"

"रोज."

"पित्रात पान?"

"पहिलं."

कोंडाबाईनं भाऊसाहेबांकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, आणि एकाएकी टाळी वाजवून हसायला लागली. "आरं माझ्या बापा! वेशीच्या आत पाय ठेवायची चोरी हुती तुला, आन्‌ पाटलाच्या देवघरात पुरणपोळी खात बसलास व्हय रं?" हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. भाऊसाहेबांनाही हसू आलं आणि रडूही आलं, काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी म्हणाले, "कोंडाबाई, हार घालायची आमच्या घरच्यांना सवय झालीय. आता अमावास्येला आमी तुमच्याकडं आलो तर चालंल का?"

"या की. पर पुरणपोळी तुमीच आणा. त्याला तुमच्या घरची चव लागलीय."

बाईंचं मात्र एवढ्यानं भागलं नाही. "एक चुकला तर बाकीचे बरोबर कशावरनं?" असं म्हणून त्यांनी त्या वेळच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि ज्याला ज्याला फोटो दिला त्याच्या घरी परत जायला सुरुवात केली. नोकरी संपली, साठी उलटून गेली, गुडघे दुखतात. मुलगी हैदराबादला बोलावते, जात नाहीत. कुणी चिडतं, कुणी दार लावून घेतं. काही जणांनी सांगितलं, आमचा आमच्याकडं बरा आहे, उघडू नका. बाई म्हणतात, "बरं, उद्या येते."

परवा मी दळण घेऊन येत होते. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. रांगेच्या टोकाला बाई. डोक्यावर पदर, खांद्याला ती पिशवी, एका हातात पक्कड, दुसऱ्या हातानं कुणाचं तरी दार वाजवत होत्या. दार उघडलं. आतली बाई काहीतरी म्हणाली. आणि मला बाईंचा तो शाळेतला खणखणीत आवाज ऐकू आला, "मला ठाऊक हाय तुमचाच हाय. तरीबी उतरवा. मी माझी चूक तपासाय आलेय, तुमची न्हाय." मी दळणाचा डबा डोक्यावर तसाच घेऊन उभी राहिले. बाई हात धुण्यासाठी ओट्यावर वाकल्या, आणि आत गेल्या.

अजून निम्मी रांग राहिलीय त्यांची. तेव्हा कामाचं, सुट्टीचं कारण सांगू नकोस. येत्या पंधरवड्यात ये. चार दिवस मोकळे ठेवून ये, तुला त्यांच्याबरोबर घरोघर हिंडवते. बाई दमायच्या आत ये, पोरी.